रुग्णसेवेत श्रद्धेला जागा असावी का?

धागाकर्ती :
डॉ. सिसिली सॉंडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांची काळजी घेणारे केंद्र, सुरू केले. त्या आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या होत्या. मरणासन्न माणसाची वेदना शरीरापुरती नसते, तिच्यात मनाचा, घरच्यांच्या काळजीचा आणि श्रद्धेचाही वाटा असतो, हे त्यांनी रुग्णांजवळ बसून ओळखले. आणि वेदना उसळण्याची वाट न पाहता मॉर्फिन ठरावीक वेळाने द्यावे, हा आग्रहही त्यांचाच होता. आपल्याकडे १९८६ मध्ये वांद्र्याला सुरू झालेले शांती आवेदना सदन याच वाटेवरचे आहे. मी परिचारिका आहे. रुग्णाला दाखल करून घेताना आपण मधुमेह, ॲलर्जी विचारतो, तसेच त्याला कशाचा आधार वाटतो, हेही विचारावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १ :
ताई, मी असहमत आहे. खाटेवरचा माणूस मोकळेपणाने नकार देऊ शकत नाही. माझे वडील नास्तिक होते. त्यांच्या शेवटच्या आठवड्यात एका स्वयंसेवकाने न विचारता त्यांच्या कपाळाला अंगारा लावला. एका हाताला सलाईन होते, दुसऱ्यात उचलण्याएवढे बळ नव्हते. ते नुसते माझ्याकडे पाहत राहिले आणि मी ओल्या फडक्याने कपाळ पुसले. रुग्णालयाने उपचार करावेत, श्रद्धा घरची घरी राहू द्यावी.

प्रतिसाद २ :
एका परिचारिकेकडे तीस-तीस खाटा असतील, तर हे विचारायला वेळ कुठून आणायचा? करुणेलाही मनुष्यबळ लागते.

धागाकर्ती :
मनुष्यबळाचे म्हणणे पूर्ण मान्य. दादा, तुमच्या वडिलांबाबत घडले ते चूकच होते. पण आधी विचारले असते, तर त्यांचा नकार केसपेपरवर नोंदला गेला असता. एका वारकरी आजोबांना शस्त्रक्रियेपूर्वी गळ्यातली तुळशीची माळ काढावी लागली, तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. मी ती गॉझमध्ये गुंडाळून त्यांच्या मुलाकडे दिली आणि ते शुद्धीवर येताच आम्ही पुन्हा त्यांच्या गळ्यात घातली. त्या माळेचे मोल त्यांना विचारल्यामुळेच कळले.

प्रतिसाद १ :
नकाराची नोंद होणार असेल आणि ती पाळली जाणार असेल, तर माझा विरोध बराचसा मावळतो. मात्र हा प्रश्न परिचारिकेनेच विचारावा, कोणत्याही धार्मिक संस्थेच्या स्वयंसेवकाने नव्हे, आणि नातेवाईक जवळ नसताना विचारावा. आईदेखत विचारले असते, तर तिच्या समाधानासाठी वडीलही ‘हो’ म्हणाले असते.