शब्दचर्चा : 'हायब्रीड'ला 'संकरित' म्हणावं का?

प्रश्न (सोलापूर)
बी.एस्सी.च्या मुलांसाठी क्वांटम संगणनावर मराठीत टिपण लिहितेय. रेषीय समीकरणांचा प्रचंड मोठा संच क्वांटम आणि नेहमीचा संगणक मिळून सोडवतात, त्या पद्धतीला मी 'संकरित' लिहिलं. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "म्हंजे हायब्रीड ज्वारीवानी?" आमच्या घरात हायब्रीड म्हणजे पिठाला विरी नाही, भाकरी थापताना कडेला चिरते. मालदांडी खाणाऱ्या माणसाला हा शब्द कमअस्सलच वाटणार. त्याहून मोठी अडचण अशी की संकर झाल्यावर दाण्यातले दोन वाण वेगळे काढता येत नाहीत. इथे दोन्ही यंत्रं शेवटपर्यंत वेगळीच राहतात.

बार्शीकर
'सावडीची पद्धत' म्हणा ताई. आज तुमच्या रानात, उद्या आमच्या.

प्रश्नकर्ती
शब्द फार आवडला, दादा. पण सावडीत दोघंही तेच काम करतात, खुरपणीला खुरपणी. इथे कामं वेगळी आहेत.

गणित शिक्षक, सोलापूर
आधी दोघांत काय फिरतं ते बघू. ७क्ष = २२ घ्या. क्वांटम यंत्राने ढोबळ उत्तर दिलं, ३. नेहमीच्या संगणकाने ताळा केला : २२ − २१ = १. आता नवा प्रश्न ७क्ष = १. उत्तर ०.१, उरले ०.३. पुन्हा ०.०४, उरले ०.०२. बेरीज ३.१४. पाचवीतला भागाकारच की हा! म्हणून पुस्तकी 'अवशिष्ट' नको, 'बाकी' लिहा.

एवढा खटाटोप का, तर क्वांटम यंत्राचं उत्तर पुन्हा पुन्हा मोजून काढावं लागतं. नुसत्या मोजण्यांवर दशांशाचं एक जादा स्थळ हवं असेल तर मोजण्या साधारण १०० पट कराव्या लागतात. बाकी परत पाठवली की दर फेरीला ढोबळ उत्तर पुरतं. मात्र ढोबळ म्हणजे वाटेल ते नव्हे. उत्तर फारच चुकलं तर बाकी घटतच नाही आणि फेरी वाया जाते.

प्रश्नकर्ती
'बाकी' घेतला! सर, नेहमीच्या संगणकाला इंग्रजीत 'क्लासिकल' म्हणतात, त्याला 'अभिजात' कसा वाटतो?

गणित शिक्षक, सोलापूर
नको. अभिजात म्हटलं की मान देतो आपण. इथे तो अर्थच नाही. 'रूढ संगणक' लिहा. आणि 'रेखीय' कुठे राहिलं असेल तर 'रेषीय' करा, दहावीच्या पुस्तकात मुलांनी तेच वाचलंय.

मागवाल्यांच्या घरातली
आमच्याकडे चादरीचे माग होते. धोटा या काठावरून त्या काठाला जातो, परत येतो, दर फेरीला एक आडवा धागा बसतो. तुमची बाकी तशीच जाते-येते. पण पद्धतीला 'धोटा' म्हणू नका, फक्त समजावताना सांगा. नावाला 'जोड' पुरे. बैलजोडीत दोन बैल वेगळेच असतात, औत एकच ओढतात.

प्रश्नकर्ती
तर वाक्य असं केलंय : "२००९ साली हॅरो, हसिदिम आणि लॉइड यांनी रेषीय समीकरणांसाठी क्वांटम रीत मांडली. १०,४८,५७६ अज्ञातांचं उत्तर तीत २० क्युबिटांत (क्वांटम यंत्राच्या बिटांत) मावतं, पण ते सगळं वाचून काढायला गेलं की वाचवलेला वेळ हातचा जातो. जोडगणनात क्वांटम यंत्र ढोबळ उत्तर देतं, रूढ संगणक बाकी काढतो आणि तीच पुढचा प्रश्न होते."
'जोडगणनात' की 'जोड-गणनात'? मला सलग बरं वाटतं.

बार्शीकर
सलगच. आईला पुन्हा वाचून दाखवा.