टबाभोवतीच्या भिंती टाइल्ससाठी कशा तयार कराव्यात?

प्रश्न
न्हाणीघराचे नूतनीकरण सुरू आहे. टबाभोवतीच्या जुन्या टाइल्स काढताना मागचा जिप्सम बोर्डही ठिकठिकाणी सुटून आला आणि टबालगतचा वीतभर पट्टा तर बोटाने दाबला तरी खचतो, इतका भिजला आहे. वरचा भाग कोरडा वाटतो. खालचा पट्टा कापून तेथे हिरवा, ओल सहन करणारा बोर्ड बसवावा आणि उरलेली भिंत पुट्टीने सारखी करावी, असे कारागिराचे म्हणणे आहे. तेवढे पुरेल का?

उत्तर १
पुरणार नाही, सगळा बोर्ड काढावा, असे मी आग्रहाने सांगेन. टाइल्स आणि त्यांमधील ग्राउट पाणी पूर्णपणे अडवत नाहीत, त्यामुळे भिंत टिकते ती टाइल्सच्या मागे काय आहे त्यावर. हिरवा बोर्ड दमट हवेपुरता ठीक असतो, परंतु रोज पाण्याचा मारा होणाऱ्या भिंतीवर त्याचाही गाभा शेवटी जिप्समचाच असल्याने तो कालांतराने मऊ पडतो. पुट्टीसुद्धा पाण्याने सुटते.

आतला सांगाडा उघडा करून कुजलेले लाकूड बदलावे, तो पूर्ण वाळू द्यावा आणि मगच सिमेंट बोर्ड गंजरोधक स्क्रूंनी बसवावा. दोन बोर्डांमध्ये सुमारे ३ मिमी फट ठेवून ती टाइल अ‍ॅडहेसिव्हने भरावी व वर क्षाररोधक फायबरग्लास जाळीची पट्टी दाबावी. सिमेंट बोर्ड पाण्याने खराब होत नाही, पण पाणी झिरपू देतो. म्हणून त्यावर जलरोधक लेपाचे किमान दोन हात शॉवरच्या तोटीच्या वरपर्यंत द्यावेत, आणि पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. सपाटीही आत्ताच तपासावी: टाइलची एखादी बाजू ३८ सेंमी किंवा अधिक असेल, तर ३ मीटर लांबीत ३ मिमीपेक्षा जास्त चढउतार चालत नाही.

उत्तर २
वरील मताशी मी सहमत आहे. तुमचा पट्टा भिजला तो टबाच्या सांध्यातून, त्यामुळे त्याविषयी थोडे अधिक लिहितो. टबाला भिंतीच्या बाजूने बारीक उभी कड असते. बोर्ड टबावर टेकवू नये, कारण टेकलेला बोर्ड खालून पाणी शोषतो; तो त्या कडेच्या किंचित वर थांबवावा आणि जलरोधक थर कडेवर उतरवावा, म्हणजे मागे गेलेले पाणी टबातच परत येते. छपराची कौले ज्या रीतीने एकावर एक चढवतात, तीच ही रीत.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. बोर्डामागे प्लॅस्टिकचा कागद निघाला आहे. तो ठेवून वर लेप दिला, तर संरक्षण दुप्पट होईल ना?

उत्तर १
नाही. दोन जलरोधक थरांमध्ये अडकलेली ओल बाहेर पडू शकत नाही आणि तेथेच बुरशी धरते. लेप देणार असाल, तर कागद काढून टाकावा.

उत्तर २
टाइल्सची शेवटची रांग आणि टब यांमधील फटीत ग्राउट भरू नये. पाण्याच्या व माणसाच्या वजनाने टब किंचित खाली बसतो आणि ग्राउट तडकते. तेथे सिलिकॉन सीलंट हवे, आणि तेही टब पाण्याने भरून ठेवून लावावे. सिलिकॉन पक्के झाल्यावरच पाणी सोडावे.