मदत हवी आहे : मनातला ‘तो’ आवाज वेळेवर कसा पकडायचा?

सोलापुरात अशोक चौकाजवळ युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंगला आहे. वय 34. परवा कापडाच्या थरावर खडूची रेघ जरा तिरकी गेली. कापड वाया गेलं नाही, मालक काही बोलले नाहीत, पण मनात लगेच सुरू: “तुझ्या हाताला वळणच नाही.” हे वाक्य माझं नव्हे, काकांचं आहे. सातवीत असताना चारचौघांत रोज ऐकलेलं. काका आता थकलेत, गोड बोलतात, पण वाक्य काही जात नाही.

काय करून पाहिलं: 2 महिने वहीत तीन रकाने लिहितोय. काय घडलं, मनात काय आलं, त्याला पुरावा काय. रात्री लिहिताना सगळं पटतं. दुपारी मशीनच्या आवाजात मात्र हात थरथरून झाल्यावरच कळतं. आरशासमोर “मी हुशार आहे” म्हणून पाहिलं, स्वतःचंच हसू आलं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वरही एकदा बोललो, हलकं वाटलं.

झोप, जेवण ठीक आहे. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार नाहीत. सुट्टी फक्त रविवारी, आणि घर दोन खोल्यांचं, त्यामुळे मोठ्याने काही करता येत नाही.

ज्यांनी सीबीटी (मनातले विचार तपासून बदलायला शिकवणारी उपचारपद्धत) घेतली आहे त्यांनी सांगा: काम चालू असताना हा आवाज पहिल्याच शब्दाला ओळखायला काय खूण धरलीत? आणि ओळखल्यावर त्याच्याशी वाद घालायचा, की “आले काका” म्हणून कात्री चालू ठेवायची?