कारणात प्रमेय लिहायचं की व्यत्यास?

केळीबाग: जर-तर विधानात पूर्वांग ('जर'चा भाग), उत्तरांग ('तर'चा भाग) ओळखता येतं. गाडं अडतं ते सिद्धतेत कारण लिहिताना. त्रिकोणाच्या बाजू 9, 40, 41 असोत की 6, 8, 11, दोन्हीकडे काटकोन आहे-नाही ठरवताना 'पायथागोरसचं प्रमेय' एवढंच लिहिलं तर काय बिघडतं?

खडूफळा_धुळे: पहिल्यात बिघडतं, दुसऱ्यात नाही. प्रमेयात काटकोन हे पूर्वांग आणि वर्गांची बेरीज हे उत्तरांग. 81 + 1600 = 1681, आणि 41 चा वर्गही 1681. म्हणजे हातात उत्तरांग आहे आणि जायचंय पूर्वांगाकडे. कारणात 'पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास' (पूर्वांग-उत्तरांगांची अदलाबदल केलेलं विधान) असंच हवं.

दुसऱ्यात 36 + 64 = 100, पण 11 चा वर्ग 121. काटकोन असता तर मोठ्या बाजूचा वर्ग 100 आला असता. आला नाही, म्हणून काटकोन नाही. इथे मूळ प्रमेयच पुरतं. बरेच जण उगाच व्यत्यास लिहितात.

समांतर रेषांचंही तेच. समांतर दिल्या असतील तर व्युत्क्रम कोनांचं प्रमेय; समांतर आहेत हे दाखवायचं असेल तर व्युत्क्रम कोनांची कसोटी.

तापीकाठ: पण व्यत्यास खरा निघेलच असं नाही भो. गाव रावेर तालुक्यात असेल तर ते जळगाव जिल्ह्यात असतं. उलटं म्हणायला जा, अमळनेर आडवं येतं: जळगाव जिल्ह्यात आहे, पण रावेर तालुक्यात नाही. मात्र शिरपूर जळगाव जिल्ह्यात नाही, म्हणून रावेर तालुक्यातही नाही, हे पक्कं.

आता 'आयताचे कर्ण एकरूप असतात' घ्या. समद्विभुज समलंब चौकोन काढा: समांतर बाजू 10 आणि 4 सेमी, उंची 4, तिरप्या बाजू 5-5. दोन्ही कर्ण √65, म्हणजे सुमारे 8.06 सेमी. कर्ण एकरूप, पण आयत नाही. व्यत्यास पाडायला एवढी एक आकृती बास. खरा ठरवायचा तर शंभर आकृत्या मोजूनही भागत नाही, सिद्धताच लागते.

केळीबाग: मग अप्रत्यक्ष सिद्धतेत साध्य (जे सिद्ध करायचंय ते) खोटं धरतो, तोही व्यत्यासच ना?

खडूफळा_धुळे: नाही. व्यत्यासात दोन्ही अंगं जागा बदलतात. इथे पक्ष (दिलेली माहिती) तसाच ठेवून फक्त साध्याचा नकार धरायचा आणि विसंगती दाखवायची. खरी चूक त्या नकारात होते. त्रिकोण अबक मध्ये कोन ब हा कोन क पेक्षा मोठा असेल, तर अक > अब दाखवायचंय. नकार म्हणून नुसतं 'अक < अब' धरलं तर चुकलं; 'अक = अब' हीही शक्यता उरते. समान धरल्यास समद्विभुज त्रिकोणामुळे कोन ब = कोन क, लहान धरल्यास कोन ब < कोन क. दोन्ही पक्षाशी विसंगत. समानतेचा फाटा सोडला तर सिद्धता अपुरी राहते.