भूलशास्त्राच्या प्रश्नांवर आमदारांना निवेदन द्यायचे आहे. मागणी कायद्याची करावी की नियमांची?

प्रश्न — होटगी रस्ता, सोलापूर

नमस्कार. मी सोलापुरात स्वतंत्र भूलतज्ज्ञ म्हणून काम करतो, म्हणजे एखाद्या रुग्णालयाच्या पगारावर नसून शहरातील निरनिराळ्या नर्सिंग होममध्ये बोलावणे येईल तसा जातो. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनापूर्वी जिल्ह्यातील ११ आमदारांना आणि पुणे पदवीधर मतदारसंघाच्या प्रतिनिधींना निवेदन द्यावे, असे आम्हा काही भूलतज्ज्ञांचे ठरले आहे.

निवेदनाचे मूळ कारण सांगतो. एका नर्सिंग होममध्ये मी पोचलो तेव्हा रुग्णाला स्पायनल (पाठीच्या मणक्यातून दिली जाणारी भूल) आधीच दिलेले होते, सर्जन हातमोजे घालून उभे होते, वरचा रक्तदाब ९० च्या खाली उतरला होता आणि रक्तातील ऑक्सिजन दाखवणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरच्या आवाजाचा त्रास होतो म्हणून तो आवाज बंद करून ठेवला होता. भूल-नोंदीच्या कागदावर मात्र सुरुवातीच्या वेळेपासून माझी स्वाक्षरी अपेक्षित होती. मी ती केली नाही, आणि त्यानंतर तिथून बोलावणे आले नाही.

मसुद्यात सध्या चार मागण्या आहेत. सर्जनने स्वतःच भूल देणे हा बेकायदा वैद्यकीय व्यवसाय ठरवावा. ओटी (शस्त्रक्रियागृह) तंत्रज्ञाच्या भरवशावर रुग्ण सोडण्यास बंदी घालावी. कर्नाटकातील नोंदणीवर सोलापुरात नियमित काम करणाऱ्या डॉक्टरांची तपासणी व्हावी. आणि होमिओपॅथांना आधुनिक औषधे देण्याची मुभा देणारी २०१४ ची दुरुस्ती मागे घ्यावी. हे सर्व एकाच निवेदनात घालावे का, आणि ते कोणत्या खात्याकडे जाईल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ — निवृत्त कक्ष अधिकारी

डॉक्टर, मी मंत्रालयात अशी निवेदने अनेक वर्षे हाताळली आहेत. तुमच्या निवेदनाचे काय होईल ते सांगतो. त्याची एक प्रत सार्वजनिक आरोग्य विभागाकडे जाईल, दुसरी वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभागाकडे, आणि दोन्ही विभाग एकमेकांच्या अभिप्रायासाठी थांबतील. नर्सिंग होमची नोंदणी हा आरोग्य विभागाचा विषय आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषद आणि डॉक्टरांची नोंदणी वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येते. म्हणून निवेदने दोन करा, आणि प्रत्येकात एकच मागणी ठेवा.

घटनेच्या सातव्या अनुसूचीत रुग्णालये व दवाखाने राज्यसूचीतील नोंद ६ मध्ये आहेत, तर वैद्यकीय व्यवसाय समवर्ती सूचीतील नोंद २६ मध्ये आहे. रुग्णालयात काय असावे हे राज्याला बिनधोक सांगता येते. डॉक्टराने काय करावे आणि काय करू नये हे सांगायला गेले की राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा २०१९ चा केंद्रीय अधिनियम आडवा येतो. महाराष्ट्राने केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट अधिनियम स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह (म्हणजे नर्सिंग होम) नोंदणी अधिनियमच चालतो. त्याखालील नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन रुग्ण हक्क सनदेसारख्या तरतुदी आल्या, आणि त्यासाठी नवे विधेयक आणावे लागले नव्हते. तुमची मागणी त्याच वाटेने जाऊ शकते: शासनाने राजपत्रात अधिसूचना काढली की काम झाले.

तुमची पहिली मागणी जशी लिहिली आहे तशी टिकणार नाही. २०१९ च्या अधिनियमातील कलम ३४ डॉक्टरांच्या नोंदवहीत नाव नसलेल्या व्यक्तीला लागू होते. त्यात एक वर्षापर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. सर्जनचे नाव नोंदवहीत असतेच. विशेषज्ञ म्हणून पदव्युत्तर पदवी नोंदवली जाते, पण त्यामुळे त्याच्या परवान्याला कुंपण पडत नाही. २०१४ ची दुरुस्ती तर या निवेदनात नकोच. तिला उच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, त्यामुळे बाब न्यायप्रविष्ट असल्याचे एका ओळीचे उत्तर सभागृहात मिळेल आणि बाकीच्या मागण्याही त्याच उत्तरात बुडतील.

उत्तर २ — सांगोल्याचा सर्जन

मी आपल्या विरोधी बाजूचा आहे, तरीही लिहितो. रात्री दोन वाजता बाळाचे ठोके उतरलेली बाई आली, आणि तालुक्यातला एकमेव भूलतज्ज्ञ दुसऱ्या केसमध्ये अडकलेला असला, तर मी काय करावे हे आपल्या मसुद्यात कुठेही नाही. सोलापूरला पाठवावे म्हणणे सोपे आहे. दीड-दोन तासांत बाळ हाती लागेलच असे नाही. शासनालाही ही अडचण ठाऊक आहे, म्हणूनच प्रसूतीच्या तातडीच्या शस्त्रक्रियांसाठी एमबीबीएस डॉक्टरांना जीवरक्षक भूल कौशल्याचे प्रशिक्षण देण्याची योजना आली. सुरुवातीला ते १८ आठवड्यांचे होते. जे सरकार स्वतःच्या ग्रामीण रुग्णालयांत अठरा आठवड्यांच्या प्रशिक्षणावर भूल देऊ देते, तेच खासगी सर्जनला त्याच कामासाठी गुन्हेगार ठरवणार असेल, तर त्या नियमाला आम्ही ग्रामीण डॉक्टर मिळून विरोध करू.

पल्स ऑक्सिमीटरचा आवाज बंद करणे मात्र अक्षम्य आहे. ऑक्सिजन उतरू लागला की त्या यंत्राचा सूर खाली येतो, आणि पोटात हात असलेल्या माणसाला पडद्याकडे मान न वळवता कळते ते त्या सुरामुळेच.

उत्तर ३ — सोलापुरातील ज्येष्ठ भूलतज्ज्ञ

सांगोल्याच्या सरांचा मुद्दा रास्त आहे, पण त्यांनी तातडीचे उदाहरण दिले. आमची तक्रार ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांबद्दल आहे. हर्नियाच्या केसची तारीख आठवड्यापूर्वी ठरते, तेव्हा भूलतज्ज्ञ न बोलावण्याचे कारण अंतर नसते, मानधन वाचवणे असते. हे निवेदनात स्पष्ट लिहा आणि तातडीच्या प्रसूतीला अपवाद ठेवा. तो अपवाद नसेल तर एकही ग्रामीण आमदार तुमच्या बाजूने उभा राहणार नाही, आणि राहूही नये.

तंत्रज्ञांवर बंदीची मागणी काढून टाका. सहायक व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय अधिनियमाच्या अनुसूचीत भूल सहायक व तंत्रज्ञ यांचा समावेश आहे, आणि त्यांच्या नोंदणीसाठी राज्य परिषदेची तरतूद आहे. प्रशिक्षित, नोंदणीकृत तंत्रज्ञ मिळणे आपल्याच हिताचे आहे. सिलिंडर बदलणे, सर्किट तपासणे, औषधे भरून नावाची चिठ्ठी लावणे ही कामे जबाबदारीने करणारा माणूस मी सोन्याने तोलून घेईन. अमेरिकेत परिचारिका भूलतज्ज्ञांवर डॉक्टरांची देखरेख असावी की नसावी यावर राज्याराज्यांत वाद चालतो, आणि २००१ पासून तेथील केंद्रीय वैद्यकीय विमा योजनेची देखरेखीची अट राज्यपालांना आपल्या राज्यापुरती सोडता येते. आपल्याकडे तसा परवानाधारक वर्गच नाही, त्यामुळे तिकडचे युक्तिवाद उचलून आणण्यात अर्थ नाही.

कर्नाटकाच्या नोंदणीविषयी सबुरीने घ्यावे. विजयपूर आणि कलबुर्गी आपल्याला इतके जवळ आहेत की इकडची मुले तिकडे एमडी करतात आणि घरी परततात. महाराष्ट्रात नियमित व्यवसाय करायचा तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणी हवी, दर पाच वर्षांनी नूतनीकरण हवे आणि त्यासाठीचे, वैद्यकीय अभ्यासवर्गांना हजर राहून मिळणारे, ३० क्रेडिट गुणही हवेत, यात वाद नाही. पण ही तपासणी अधिवेशनात मागण्याची गोष्ट नाही. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव पाहून भूलतज्ज्ञांच्या शहर शाखेने संबंधिताला एक फोन केला तरी पुरेसे असते. बहुतेकांचा अर्जच राहून गेलेला असतो.

प्रश्नकर्ता — होटगी रस्ता

सर्वांचे आभार. वैद्यक परिषदेचा विषय सध्या बाजूला ठेवून शुश्रूषागृह नियमांपुरतीच मागणी करावी, असे आता वाटते. त्यातही तातडीचा अपवाद ठेवला की प्रत्येक केस तातडीची म्हणून नोंदवली जाईल, अशी भीती आहे. शिवाय दातांच्या दवाखान्यात दिली जाणारी स्थानिक भूल यात ओढली गेली, तर दंतवैद्यांचा विरोध ओढवेल.

उत्तर ४ — निवृत्त कक्ष अधिकारी

दोन्ही गोष्टी मसुद्यातच सोडवता येतात. मी असे लिहीन: "शुश्रूषागृहात पूर्वनियोजित शस्त्रक्रियेसाठी सार्वदेहिक भूल, मज्जारज्जूभोवतालची भूल किंवा गुंगी दिली जात असताना, शस्त्रक्रिया करणाऱ्या व्यक्तीहून वेगळा, भूलशास्त्रातील पात्रता नोंदवलेला वैद्यक व्यवसायी शस्त्रक्रिया संपेपर्यंत उपस्थित राहील, आणि त्याचे नाव, नोंदणी क्रमांक, येण्याची व जाण्याची वेळ शस्त्रक्रिया नोंदवहीत लिहिली जाईल. तातडीच्या शस्त्रक्रियेत तो उपलब्ध नसल्यास, कोणाकोणाला किती वाजता बोलावले याची नोंद केली जाईल." फक्त स्थानिक भूल वापरणारे यात येत नाहीत. तातडीचे कारण खोटे लिहायचे, तर बोलावल्याच्या वेळाही खोट्या लिहाव्या लागतील, आणि समोरच्याच्या फोनवर त्या पडताळता येतात.

आमदारांकडे लक्षवेधी सूचना मागू नका, ती शेकड्यांनी येतात आणि चर्चेला फार थोड्या लागतात. तारांकित प्रश्न मागा. तो सभागृहात पुकारला गेला नाही तरी लेखी उत्तर छापले जाते. आणि शहरात या कायद्याचे स्थानिक प्राधिकारी महापालिका आहे, तेव्हा त्याच मजकुराची प्रत आरोग्याधिकाऱ्यांना द्या. नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी नोंदवहीतील तो रकाना पाहणे त्यांना नवा नियम येण्याआधीही शक्य आहे.

उत्तर ५ — सांगोल्याचा सर्जन

या मसुद्याला माझी सही मिळेल, फक्त "उपलब्ध नसल्यास" याच्यापुढे "किंवा वेळेत पोचू शकत नसल्यास" एवढे जोडा.