मदत हवी आहे: १३ बाय १० च्या बेडरूममध्ये होम थिएटर, सोफा नेमका कुठे ठेवू?

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी,

ठाण्यात घोडबंदर रोडला अडीच बीएचके, नववा मजला. दादा बंगळुरूला गेल्यापासून त्याची बेडरूम रिकामीच होती. रिकामी म्हणजे आईच्या कपडे वाळत घालायच्या स्टँडने काबीज केलेली. दिवाळीच्या बोनसमध्ये तिथे होम थिएटर केलं: ५.१ स्पीकर (पाच स्पीकर आणि बेससाठी एक सबवूफर), त्यांना आवाज वाटून देणारा एव्ही रिसीव्हर, ६५ इंची टीव्ही. दीड महिना झाला. खरं सांगायचं तर हॉलमधल्या जुन्या टीव्हीवर आईला नाटकातले संवाद जास्त नीट कळायचे. बायको काही बोलत नाही, पण तिचं न बोलणंही ५.१ मध्ये ऐकू येतं.

खोली १३ फूट लांब, १० फूट रुंद, उंची साडेनऊ. टीव्ही १० फुटी भिंतीच्या मधोमध. टीव्हीसमोरच्या, म्हणजे बसणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीत उजव्या कोपऱ्याला दार, आत उघडून उजव्या भिंतीला टेकणारं. त्यामुळे साडेसहा फुटी सोफा मागच्या भिंतीला चिकटवून डावीकडे सरकवलाय. बसणारा टीव्हीच्या बरोब्बर समोर येतच नाही. डाव्या भिंतीला मोठी स्लाइडिंग खिडकी, उजव्या भिंतीला दादाचं लोखंडी कपाट. जमिनीवर गुळगुळीत टाइल्स. बांधकाम मायवानचं (ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून केलेलं) असल्याने भिंती आरसीसीच्या. झिरी मारायची सोसायटी परवानगी देत नाही, वायरी केसिंग-पट्टीतून फिरवल्यात.

फिटिंगला आलेल्या मुलाने मागचे दोन्ही स्पीकर छताजवळच्या कोपऱ्यांत टांगले, एक तर दाराच्या वर. 'सगळीकडे असंच लावतो साहेब.' सेंटर स्पीकर टीव्ही युनिटच्या खणात आत सरकवलेला, सबवूफर पुढच्या डाव्या कोपऱ्यात.

त्रास असा. संवाद दबलेले, जणू बोलणारा माणूस माठात तोंड घालून बोलतोय. आवाज वाढवावा तर मारामारी सुरू झाली की रिमोटसाठी धावपळ. सोफ्यावर बसलं की बेस नुसता घुमतो आणि मी खोलीच्या मध्ये उभा राहिलो की गायब. शिवाय कपाट थरथरतं आणि खालचे काका दोनदा वर येऊन गेले. सज्जन आहेत, पण दुसऱ्यांदा चप्पल न घालता आले होते.

तर सोफा पुढे घेऊ का? किती? मागे एक उंच चौथरा करून दुसरी रांग जमेल का? रविवारी सासुरवाडीची मंडळी येतात. मामाने भिंतीला अंड्यांचे ट्रे लावायला सांगितलंय, तेही सांगा.

निवांत_बसलेला

अंड्यांचे ट्रे लावू नका, झुरळं होतील. पातळ कागदी लगदा तो, वरच्या पट्टीतले आवाज जरासे मऊ करेल. बेसला तो अडवत नाही आणि खालच्या काकांनाही नाही.

एक सांगा, आई नाटकं कशावर बघतात? टीव्हीतल्या ॲपवर की सेट-टॉप बॉक्सवर? टीव्हीतून रिसीव्हरला आवाज एआरसीने (म्हणजे त्याच एचडीएमआय केबलमधून उलट्या दिशेने) जात असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ कशावर आहे ते बघा.

घोडबंदरकर

यूट्यूबवर बघते, टीव्हीतल्याच ॲपवर. आत्ता पाहिलं, पीसीएमवर आहे. चूक आहे का?

निवांत_बसलेला

एआरसीवर पीसीएम म्हणजे फक्त दोन चॅनेल. सिनेमा ५.१ असला तरी रिसीव्हरला स्टिरिओच मिळतो. बिटस्ट्रीम किंवा पास थ्रू करा, म्हणजे टीव्ही आवाज न उलगडता जसाच्या तसा रिसीव्हरला देईल. यूट्यूबवरची जुनी नाटकं मात्र मुळातच स्टिरिओ किंवा मोनो असतात, त्यांच्यासाठी रिसीव्हरवर डॉल्बी सराउंड मोड लावा, जुन्या मॉडेलवर प्रो लॉजिक टू नावाने असेल. दोन्हीकडे सारखा असलेला आवाज, म्हणजे संवादच, तो मोड सेंटरला पाठवतो. सोफा डावीकडे असताना याचा फायदा जास्त. नाहीतर डावा स्पीकर जवळचा पडतो आणि अख्खं नाटक डाव्या विंगेत जाऊन बसतं.

नेरूळची_मावशी

आमच्याकडे नेरूळला १२ बाय ११ च्या खोलीत हाच उद्योग करून झालाय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी दुसऱ्या रांगेचा नाद सोडा. १३ फुटांत दोन रांगा म्हणजे पुढच्यांचं नाक टीव्हीला आणि मागच्यांचं डोकं भिंतीला. सासुरवाडीसाठी सोफ्यापुढे गादी टाका. पोरं तिथेच लोळतात आणि खाली बसलेल्यांमुळे मागच्यांचा पडदाही अडत नाही.

आता भिंत. तुमची खोली १३ फूट म्हणजे साधारण ३.९६ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की ४३ हर्ट्झ येतात. या सुराला तुमची खोली स्वतःच घुमते. दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी तो सर्वांत जोरात आणि बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा. म्हणजे तुम्हाला जे जाणवतंय तो सबवूफरचा दोष नाही, तुम्ही बसताय ती जागाच वाईट आहे. रुंदीचं गणित ५६ हर्ट्झला येतं. आरसीसीच्या भिंती बेस आत कोंडून ठेवतात, विटांच्या जुन्या घरात थोडा तरी झिरपून जायचा.

सोफ्याची पाठ भिंतीपासून सव्वादोन फुटांवर घ्या. डोकं भिंतीपासून ३ फुटांवर येईल, टीव्हीकडून १० फुटांवर. मध्य साडेसहा फुटांवर आहे, तोही टळला. ६५ इंची टीव्ही सुमारे १४४ सेंटीमीटर रुंद असतो, तेवढ्या अंतरावरून तो २७ अंशांच्या आसपास दिसतो. सिनेमासाठी ३० अंश बरे म्हणतात, पण ३ अंशांसाठी मोठा टीव्ही घेऊ नका. पुढे आलात की दाराचा अडसरही जातो, सोफा टीव्हीच्या समोर आणता येईल.

पुढचे डावे-उजवे स्पीकर एकमेकांपासून साडेसात फूट ठेवा, बाजूच्या भिंतींपासून सव्वा फूट, तोंडं किंचित आत वळवलेली. डॉल्बीच्या शिफारशीत हे दोघे मध्यापासून २२ ते ३० अंशांवर असावेत असं आहे, स्पीकरचं तोंड भिंतीपासून फूटभर पुढे धरलं तर तुमचे २३ वर येतील. ट्वीटर, म्हणजे वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. सेंटर खणातून ओढून अगदी कडेवर आणा, म्हणजे खणाचं लाकूड त्याच्या आवाजात तोंड घालणार नाही. तो खालून बोलतो, म्हणून पुढच्या बाजूला रबराचा तुकडा देऊन तोंड जरा वर करा.

मागचे दोन छताच्या कोपऱ्यांतून काढा. ५.१ मध्ये ते मागचे नसतातच, बाजूचे असतात: कानाच्या रेषेत किंवा थोडे मागे, ९० ते ११० अंश, कानाहून फूटभर वर. उजवीकडे दार उघडल्यावर त्याची कड जिथे येते त्याच्या जस्ट पुढे जागा मिळेल. सोफ्याची पाठ डोक्याहून उंच असेल तर मात्र ती आवाज अडवते. उल्हासनगरला रिक्लायनर बघायला गेलात तर दुकानात बसून हे तपासा, दुकानदार सांगणार नाही.

सबवूफरसाठी लाज सोडावी लागेल. तो उचलून सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा. बेसचं एकच गाणं चालू ठेवा आणि भिंतीकडेने जमिनीवर रांगत फिरा. जिथे बेस गच्च आणि स्वच्छ ऐकू येईल ती सबवूफरची जागा.

टाइल्सवर सतरंजी नको, जाड गालिचा टाका. खिडकीला जाड पडदा. मग बायकोला आरसा घेऊन भिंतीकडेने चालायला सांगा. सोफ्यावरून आरशात जिथे पुढचा स्पीकर दिसेल, तिथून त्याचा आवाज उडी मारून कानात येतोय. तेवढ्याच जागी २ इंची रॉकवूलचा पॅनल, कापडात शिवलेला. उघडा ठेवू नका, अंगाला खाज सुटते. बाकी भिंती तशाच असू द्या, सगळीकडे फोम चिकटवला की खोली गादीच्या दुकानासारखी वाजते.

तारयंत्र

मावशींनी बहुतेक सांगितलंच आहे. माठातून आवाज हे वाचून मला वायरींची शंका येतेय. एखाद्या स्पीकरची प्लस-मायनस उलटी असेल तर दोन्ही बाजूंच्या स्पीकरचे पडदे एकमेकांविरुद्ध हलतात, मधला आवाज विरतो आणि बेस पातळ होतो. तपासायला रिमोटमधला दीड व्होल्टचा सेल पुरतो. स्पीकरची वायर रिसीव्हरमधून आधी काढा, मग लाल वायर सेलच्या प्लसला, काळी मायनसला, नुसती क्षणभर टेकवा. वूफरचा पडदा बाहेर आला तर बरोबर, आत गेला तर उलटं.

नवीन वायर घ्यायची तर लॅमिंग्टन रोडला '१६ गेज, शुद्ध तांबं' असं बजावून सांगा आणि टोक खरवडून बघा. आत पांढरं चमकलं तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे.

रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर 'स्मॉल', क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचा बेस सबवूफरकडे जाईल. त्याखालचा आवाज कुठून येतो हे कानाला फारसं कळत नाही, म्हणून सबवूफर कुठेही ठेवायला मोकळीक मिळते. अंतरं टेपने मोजून भरा. आवाज एका मिलिसेकंदाला फूटभर जातो, त्या हिशोबाने रिसीव्हर जवळच्या स्पीकरला थांबवतो. शेवटी सेंटर २ डेसिबल वाढवा, आईसाठी.

घोडबंदरकर

शनिवार-रविवार याच कामात गेला. तारयंत्र, तुमचे पाय कुठे आहेत? डाव्या पुढच्या स्पीकरची वायर उलटी निघाली. सेल टेकवला आणि पडदा टुपकन आत गेला. मुलीने तो खेळ वीस वेळा करायला लावला.

पीसीएम बदललं, सेंटर कडेवर आणला. आईला डॉल्बी सराउंड लावून दिलं. अर्धा अंक बघून म्हणाली, 'आता प्रॉम्प्टरसुद्धा ऐकू येतोय.'

सोफा पुढे घेतला, पण दार त्याच्या कोपऱ्याला घासायला लागलं, म्हणून ४ इंच डावीकडे सरकवला. अंतरं त्याप्रमाणे भरलीत. रांगायचा कार्यक्रम चालू असताना आई दारात येऊन विचारती झाली, 'काय हरवलं रे?' सबवूफरची जागा उजव्या भिंतीला, कपाटाच्या अलीकडे निघाली. तिथे लेव्हल ६ डेसिबल कमी करूनही बेस पुरतो. कपाटाची थरथर लॉकरच्या दाराची होती, आत वर्तमानपत्राची घडी खोचली, थांबली.

काकांकडे मीच गेलो. वर मुलीला तोच मारामारीचा सीन लावायला सांगितला आणि त्यांच्या बेडरूममध्ये उभा राहिलो. आधीचा कोपरा नेमका त्यांच्या पलंगाच्या डोक्यावर होता. आता घुमघुम ऐकू येते, पण काकू म्हणाल्या मिक्सरपेक्षा कमी आहे. रात्री १० नंतर रिसीव्हरचा नाइट मोड (मोठे आवाज दाबणारा) लावायचं कबूल करून आलो.

राहिला एक प्रश्न. सोफ्यामागच्या सव्वादोन फुटांत आईने कपड्यांचा स्टँड परत आणून ठेवलाय. ओल्या चादरी वाळत असताना मागून येणारा घुमारा कमी झाल्यासारखा वाटतो. खरंच असेल का हे, की माझ्या मनाचे खेळ?

नेरूळची_मावशी

वरच्या पट्टीत खरं असेल, बेसमध्ये नाही. पण आईंना सांगू नका, मग स्टँड कधीच हलणार नाही.