बाटलीतल्या ऑर्किडच्या रोपांना मॉस की साल?
बाटलीतून काढलेली ऑर्किडची रोपं कशात लावावीत, या प्रश्नावर बऱ्याच जणांनी झाडाची साल सुचवली आहे. मोठ्या ऑर्किडला ती उत्तमच, पण टिश्यू कल्चरच्या (प्रयोगशाळेत निर्जंतुक बाटलीत रोपं वाढवण्याच्या पद्धतीच्या) बाटलीतून नुकत्याच निघालेल्या रोपाला मी तरी स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळच देईन. बाटलीतली हवा कायम दमट असते, त्यामुळे या पानांवर मेणाचा थर नीट धरलेला नसतो आणि पाणी भराभर उडून जातं. जाड सालीत ही इवलीशी मुळं लगेच कोरडी पडतात.

मॉस भिजवून, घट्ट पिळून, मुळांभोवती सैलसर गुंडाळा. दाबून भरलं की आत हवा उरत नाही आणि मुळं कुजतात. त्याआधी मुळांना चिकटलेलं अगार (बाटलीतलं जेलीसारखं माध्यम) कोमट पाण्यात पूर्ण धुऊन काढा. त्यात साखर असते, म्हणजे बुरशीला आयतं खाद्य.

पारदर्शक कप जरूर घ्या. फॅलेनॉप्सिस या ऑर्किडची मुळं ओली असताना हिरवी दिसतात. चंदेरी व्हायला लागली की पाणी द्या. बारीक साल आणि पर्लाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) नवी मुळं फुटल्यावर द्या. कोकोचिप्स (नारळाच्या सोडणाचे तुकडे) वापरणार असाल तर दोन-तीनदा पाणी बदलून भिजवा, त्यात क्षार असतात. नुसतं कोकोपीट (सोडणाचा भुसा) मात्र नकोच, फार गच्च बसतं.